मेलेल्या म्हशीला मणभर दूध

डायर वुल्फ नावाचा लांडगा दहा-बारा हजार वर्षांपूर्वी मेला. एकटादुकटा नव्हे, अख्खी जात गेली. तेव्हा त्याचं सुतक कुणी पाळल्याचं ऐकिवात नाही. पण उशिरा का होईना, दखल घेतली गेली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या कलॉसल बायोसायन्सेस या कंपनीनं जाहीर केलं की तो परत आलाय. एक नव्हे, तीन नग. रोम्युलस, रेमस आणि खलीसी. पहिली दोन नावं रोमच्या दंतकथेतली, तिसरं टीव्ही मालिकेतलं. 'टाइम'नं पांढऱ्याशुभ्र लांडग्याचा फोटो मुखपृष्ठावर छापला आणि 'नामशेष' या शब्दावर आडवी रेघ मारली. आमच्याकडे रेशनकार्डावरचं एक नाव कमी करायला किंवा वाढवायला सहा महिने चपला झिजवाव्या लागतात. तिकडे एका रेघेत जातच्या जात जिवंत झाली. प्रगती म्हणतात ती हीच.

आता लांडगा आणला कसा, ते नीट समजून घेतलं पाहिजे. ओहायोत सापडलेला १३,००० वर्षांपूर्वीचा एक दात आणि आयडाहोतली ७२,००० वर्षांपूर्वीची एक कवटी, यांतून जुना डीएनए खरवडून काढला आणि वाचला. मग आजच्या, चांगल्या हिंडत्या-फिरत्या करड्या लांडग्याच्या रक्तातल्या पेशी घेतल्या. क्रिस्पर नावाची जनुकीय कात्री चालवून १४ जनुकांत २० बदल केले. त्या पेशींची केंद्रकं, आतला गर काढून घेतलेल्या कुत्रीच्या बीजांडांत बसवली, भ्रूण कुत्र्यांच्या पोटात वाढवले आणि सिझेरियन करून बाहेर काढले. कारागिरी अफलातून आहे, त्यात वाद नाही. वाद आहे तो हिशोबात. लांडग्याचा जनुकीय मजकूर सुमारे २४० कोटी अक्षरांचा. कंपनीच म्हणते की दोन्ही लांडगे ९९.५ टक्के सारखे. उरला अर्धा टक्का. अर्धा टक्का म्हणजे १ कोटी २० लाख अक्षरं. आणि बदल किती? वीस. त्या विसांतलेही पाच डायर वुल्फचे नव्हेतच. पांढऱ्या रंगासाठी मूळ जनावराची जनुकं घातली असती तर पिल्लं आंधळी-बहिरी निघण्याचा धोका होता, म्हणून तो रंग करड्या लांडग्याच्याच खात्यातून उचलला.

पुण्यात जुना वाडा पाडतात, त्याच्या दिंडी दरवाजाच्या वीस पितळी कड्या बारा मजली टॉवरच्या फ्लॅटांना ठोकतात आणि कमानीवर 'पेशवे वाडा' असं लिहितात. कड्या अस्सल असतात. भांडण कुणी कड्यांवरून करत नाही.

हे आमचं कुजकट मत आहे असं कुणी समजू नये. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या श्वानकुळातल्या तज्ज्ञांनी त्याच महिन्यात सांगून टाकलं की हे डायर वुल्फ नव्हेत आणि त्यांचे पर्यायही नव्हेत. पुढे कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शपिरो यांनीही एका मुलाखतीत मान्य केलं की हे वीस बदल केलेले करडे लांडगेच आहेत. फक्त घोषणा मुखपृष्ठावर छापतात आणि खुलासा आतल्या पानावर, ही पत्रकारितेची जगन्मान्य रीत आहे.

आमच्या सोसायटीतले एक काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातात आणि त्यांचा अंगठा मशिनवर उमटत नाही. माणूस समोर उभा, हातात पिशवी, पिशवीत पासबुक, तरी मशिनच्या मते वारलेला. त्यांनी लांडग्यांची बातमी वाचली आणि थेट आमच्याकडे आले.

"अहो, यांचा हयातीचा दाखला दिला कुणी?"

"कंपनीनं."

"म्हणजे ज्यांचं काम त्यांनीच? पंच, साक्षीदार, कुणी नाही?"

"नाही काका. दिसतो डायर वुल्फसारखा, म्हणून डायर वुल्फ."

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मीही माझ्यासारखाच दिसतो हो."

काकांचं चुकतं ते इथे की त्यांच्यात गुंतवणूक नाही. लांडगे जाहीर व्हायच्या आधीच, जानेवारी २०२५ मध्ये, या कंपनीचं बाजारमूल्य १०.२ अब्ज डॉलर धरलं गेलं होतं. यादीत मॅमथ आहे, डोडो आहे, न्यूझीलंडचा मोआ आहे, टास्मानियाचा पट्टेरी थायलासीन आहे. एवढा पैसा मेलेल्यांवर का लागतो, याचं आम्हाला आधी नवल वाटायचं. विचार केल्यावर वाटेनासं झालं. मेलेल्या प्राण्याचे फायदेच तसे आहेत. तो शेळी नेत नाही, पिकात शिरत नाही, महामार्गावर आडवा येत नाही. त्याच्यासाठी खाणीचा परवाना अडत नाही. त्याला जमीन लागत नाही, आणि जमीन न मागणारा जीव सगळ्यांनाच प्रिय असतो. थायलासीनचंच बघा. जिवंत होता तेव्हा टास्मानिया सरकार १८८८ ते १९०९ पर्यंत एका प्रौढ जनावरामागे एक पौंड इनाम देत होतं, आणि अशी दोन हजारांवर इनामं वाटली. मग जाग आली. १९३६ च्या जुलैत त्याला कायद्यानं संरक्षण मिळालं, आणि ५९ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा गेला. आता तो सगळ्यांचा लाडका आहे.

राजकारण्यांनाही ही सोय लगेच कळली. लांडग्यांची बातमी आल्याबरोबर अमेरिकेचे अंतर्गत मंत्री डग बर्गम यांनी लिहिलं की नामशेष जीव परत आणण्याची ही कल्पना यापुढे वन्यजीव संवर्धनाचा पाया ठरू शकते, आणि नियमांपेक्षा नवनिर्मितीनंच अमेरिका मोठी झाली. याचा सरळ अर्थ आम्ही असा लावतो: धरण बांधा, जंगल तोडा, जो मरेल त्याचा दात तेवढा डब्यात घालून ठेवा.

ही वाट मात्र आधी एका बकरीनं तुडवलेली आहे, आणि तिची गोष्ट मुखपृष्ठावर येत नाही. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर पिरेनीजच्या डोंगरात बुकार्डो नावाचा रानबोकड असायचा. शिकारीनं तो संपत आला. १९९९ मध्ये शेवटच्या मादीला पकडून तिच्या त्वचेतल्या पेशी घेतल्या, गळ्यात रेडिओ पट्टा अडकवला आणि सोडून दिलं. तिचं नाव सेलिया. ६ जानेवारी २००० रोजी ती झाड अंगावर पडून मेली. त्या पेशींपासून शास्त्रज्ञांनी भ्रूण बनवले आणि ५७ माद्यांच्या पोटात ठेवले. त्या ५७ जणींना कुणी विचारलं नव्हतं. सात गाभण राहिल्या, सहांचा गर्भ टिकला नाही. ३० जुलै २००३ रोजी एकीचं सिझेरियन झालं. करडू बाहेर आलं, डोळे उघडे, दिसायला धडधाकट, पण श्वास घेताना जीभ बाहेर. फुप्फुसात एक जादाचा घट्ट गोळा वाढलेला होता. काही मिनिटांत ते गेलं. अख्ख्या जीवसृष्टीत दोनदा नामशेष होण्याचा मान बुकार्डोलाच मिळालाय. आणि समजा, जगलं असतं तर? सेलिया मादी, म्हणून करडूही मादी. नराची एक पेशीसुद्धा कुणी राखलेली नव्हती. ५७ सरोगेट आयांचा खटाटोप एका आजन्म कुमारिकेसाठी. वधू-वर सूचक मंडळसुद्धा एवढ्या पूर्वतयारीविना स्थळ काढत नाही.

आपणही यात मागे नाही, उलट पुढे होतो. हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं ६ फेब्रुवारी २००९ रोजी जगातलं हातानं केलेल्या क्लोनिंगचं पहिलं रेडकू जन्माला घातलं. समरूपा. हातानं म्हणजे अक्षरशः हातानं. कत्तलखान्यातून म्हशींची बीजकोशं आणायची, त्यांतून बीजांडं शोषून घ्यायची, त्यांच्यावरचं कवच विरघळवायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्यानं प्रत्येक बीजांड कापायचं, केंद्रकाचा भाग टाकून द्यायचा, उरलेल्या भागाला उत्तम दुधाळ म्हशीच्या पेशीशी जोडायचं आणि विजेचा हलका झटका द्यायचा. आठवडाभर उबवायचं, धरलं तर सरोगेट म्हशीच्या पोटात ठेवायचं. खाटकाच्या टोपलीतून निघून गोठ्यात पोचणारं असं काम करायला हात किती स्थिर लागत असेल! समरूपा सहा दिवसांत न्यूमोनियानं गेली. जूनमध्ये गरिमा आली, पुढच्या वर्षी गरिमा-२ आली, तिनं २०१३ मध्ये चांगली रेडी दिली. आमच्या आजीच्या पिढीला मेलेल्या म्हशीला मणभर दूध असायचं ते फक्त बोलण्यात. कर्नालनं ते बऱ्याच अंशी खरं करून दाखवलं, आणि मुख्य म्हणजे म्हैस म्हशीच्याच नावानं खपवली. तिला कुणी डायनासोर म्हटलं नाही.

टवाळी इथे घटकाभर बाजूला ठेवतो. अमेरिकेतच काळ्या पायांचा फेरेट नावाचा एक मुंगसाएवढा प्राणी आहे. आज असलेले सगळे फेरेट अवघ्या सात पूर्वजांची संतती, म्हणजे घरातल्या घरातच सोयरीक. १९८८ मध्ये विला नावाच्या एका मादीच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. तिचा वंश पुढे चाललेला नव्हता. त्या पेशींतून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन जन्मली, आणि विलाच्याच दुसऱ्या क्लोननं, अँटोनियानं, २०२४ मध्ये पिल्लं दिली. सात पूर्वजांचे आठ झाले. याला क्लोनिंग म्हणतात. जात जिवंत, फक्त रक्त पातळ झालेलं, त्यात थोडी भर. या फेरेटसाठी कुणी आडवी रेघ मारली नाही. तो फारच जिवंत पडला.

भारतात चित्ता क्लोन करायचं ठरलं होतं, हे आता कुणाला आठवत नसेल. आपले शेवटचे तीन चित्ते १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी एकाच रात्री मारले. कोरिया म्हणजे आताच्या छत्तीसगडमधलं संस्थान. २००० च्या सुमारास हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी आशियाई चित्त्याच्या क्लोनिंगचा घाट घातला. पेशी हव्या होत्या इराणकडून. इराणनं चित्ता देणार नाही म्हणून सांगितलं, आणि पेशीही देणार नाही म्हणून सांगितलं. पुढे २०२२-२३ मध्ये नामिबियातून आठ आणि दक्षिण आफ्रिकेतून बारा आफ्रिकी चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, सोहळा झाला, टीव्हीवर दिवसभर हेलिकॉप्टर दिसलं. त्याच कुनोत गीरचे सिंह सहा महिन्यांत हलवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १५ एप्रिल २०१३ चा आहे. गीर ते कुनो अंतर नामिबियापेक्षा थोडं कमी आहे. सिंह अजून निघालेले नाहीत. बहुधा सामान बांधताहेत.

आणि लांडगाच हवा असेल तर टेक्सासला कशाला जायचं? सासवड, बारामती, इंदापूरकडच्या माळांवर आपला लांडगा आहे. जनुकशास्त्रज्ञ सांगतात की जगातल्या करड्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी ही एक. कवटी उकरायची गरज नाही, संध्याकाळी धनगराच्या वाड्याजवळ शांत उभं राहिलं तरी भेट होते. देशात असे ३,१०० च्या आसपास उरलेत, म्हणजे वाघांपेक्षा कमी. पण तो राहतो त्या माळाची कागदोपत्री ओळख 'पडीक'. त्यावर प्लॉटिंग होतं, सौर पॅनेल लागतात, कचरा पडतो. कचऱ्यावर भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांशी लांडग्यांचा संकर होतो. पुणे जिल्ह्यातल्या अशा संकराला जनुकीय चाचणीनं दुजोरा मिळाल्याचं २०२३ मध्ये छापूनही आलंय. कुत्रीच्या पोटी लांडगा जन्माला घालायला तिकडे कोट्यवधी डॉलर मोजले. आमच्याकडे हेच काम कचरा डेपो फुकटात करतो, तर त्याला ना पेटंट, ना मुखपृष्ठ.

मेलेला जीव परत येण्याचं एक अस्सल उदाहरण महाराष्ट्राच्या नावावर आहे, हे अभिमानानं सांगितलं पाहिजे. रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता. १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला आपण एक मारल्याचा दावा कर्नल माइनर्टझहॅगन या इंग्रज गृहस्थांनी केला होता, म्हणून लोक तिकडे शोधत बसले. पुढे पॅमेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक बाईंनी संग्रहालयातलं ते कातडं पिसं-पिसं तपासून दाखवलं की हा खानदेशात कलेक्टर असलेल्या डेव्हिडसन यांचा जुना नमुना आहे, साहेबांनी तो संग्रहालयातून ढापून नव्यानं भरलाय. म्हणजे पक्षी मेलेला आणि त्याचा दाखलाही बनावट. मग बाई साथीदारांना घेऊन खानदेशात आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षं तो तिथेच होता, भरदिवसा शिकार करत. एकही जनुक बदललं नाही, एकाही कुत्रीला त्रास झाला नाही. खर्च काय तो विमानाच्या तिकिटांचा.

डोडोच्या बाबतीत तर आपण जवळचे नातलगच निघालो. डोडोचा हयात असलेला सर्वांत जवळचा आप्त म्हणजे निकोबारी कबुतर. डोडो घडवायचा तर कच्चा माल तो. हे कबुतर ज्या ग्रेट निकोबार बेटावर राहतं तिथलं १३० चौरस किलोमीटर जंगल बंदर, विमानतळ आणि नव्या शहरासाठी वळवायला मंजुरी मिळालीय, आणि तुटणाऱ्या झाडांचा सरकारी अंदाजच साडेनऊ लाखांवर आहे. पुढेमागे निकोबारी कबुतर संपलंच तर त्याला परत आणायला डोडो कामाला येईल, असा काही दूरचा विचार यामागे असावा. आम्हाला नियोजनातलं कळत नाही.

राहता राहिला माळढोक. देशात दीडशेच्या आसपास उरलाय, बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. आमच्याकडे सोलापूरच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आणि लोकांच्या शेतजमिनी आल्या, लोक वैतागले, मग ते १,२२२ वर आणलं. पक्षीही समजूतदार, त्यानं संख्या त्याहून वेगानं कमी केली. आता नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. राजस्थानात तो विजेच्या तारांवर आपटून मरतो, कारण अंगानं जड आणि त्याला समोरचं नीट दिसत नाही. तारा जमिनीखाली घाला, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात मात्र काही माणसं निमूटपणे कामाला लागलेली आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनानं पहिलं पिल्लू झालंय. पण केंद्रातल्या पिल्लाला पुढे सोडायचं कुठे, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. त्याला माळ लागतो.

अशा वेळी कुणीतरी शहाणा म्हणणारच की एवढं काय, पेशी गोठवून ठेवू, संपला तर पुढे क्लोन करू. त्यांच्या माहितीसाठी एक तांत्रिक बाब. सस्तन प्राण्याचं बीजांड धुळीच्या कणाएवढं, त्यातलं केंद्रक काढता येतं. पक्ष्याचं बीजांड म्हणजे अख्खा पिवळा बलक. त्यात केंद्रक कुठे दडलंय ते सापडणं मुश्कील, आणि अंडं घातलं जाईपर्यंत आतल्या भ्रूणाच्या हजारो पेशी होऊन गेलेल्या असतात. डॉली ही क्लोन मेंढी जन्मून तीसेक वर्षं झाली. त्या पद्धतीनं जगात आजवर एकही पक्षी क्लोन झालेला नाही.